विहीणबाईंचं तळं

वसईहून परत आल्यापासून साकोलीत जो तो एकच विचारतो, "बाई, समुद्र पाहिला का?" पाहिला. एका संध्याकाळी जावई घेऊन गेले. भरती होती, अर्धा तास वाळूत बसलो, भेळ खाल्ली आणि परत आलो. समुद्राबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी तिथे बारा दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ वसईतल्या माणिकपूरच्या एका तळ्याच्या काठी गेला. मला सांगायचं आहे ते त्या तळ्याचं, तिथल्या माणसांचं, आणि एका रविवारी तिथे जे झालं त्याचं.

पण आधी मी घाबरत घाबरत का गेले ते सांगायला हवं.

माझ्या वैशालीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. निखिल तिच्याच ऑफिसातला, तिनेच पसंत केलेला. त्याला वडील नाहीत. आई, म्हणजे माझ्या विहीणबाई सुनंदाताई, मूळच्या देवगडकडच्या, पण लग्न होऊन वसईला आल्या त्या तिथल्याच झाल्या. बोलणी करायला त्या नागपूरला माझ्या भावाकडे आल्या होत्या. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?"

मी म्हटलं, "तलावावर होते."

खोटं नव्हतं. माझे वडील ढिवर. आमच्याकडे जुन्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे, मोठे तलाव आहेत, मामा तलाव म्हणतात त्यांना. त्यात वडील जाळं टाकत, डोंगा चालवत, शिंगाडे लावत. आई टोपली डोक्यावर घेऊन बाजारात मासे विकायला बसायची. त्याच टोपलीवर मी शिकले आणि मास्तरीण झाले. पण विहीणबाई म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे पाटबंधारे खात्यात," आणि मी मान हलवली. ती होकाराची हलवली की नुसतीच, ते मलाही सांगता येणार नाही. वैशाली शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप गोळा करून आत निघून गेली.

पुढे तिने निखिलला सगळं खरं सांगितलं. त्याला काहीच वाटलं नाही. "पण सासूबाईंना मी सांगणार नाही," ती फोनवर म्हणाली. "मान तू हलवलीस, सांग पण तूच." चौतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि माझ्याच लेकीने मला हा गृहपाठ दिला. दसरा झाल्यावर तिने तिकीटच पाठवलं. तेव्हा जाणं भाग पडलं.

माणिकपूर

घर तिसऱ्या मजल्यावर, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. खिडकीतून एका बाजूला चर्चचा मनोरा दिसतो, दुसऱ्या बाजूला रिक्षांची रांग. त्या दोन्हींच्या मध्ये दुकानं, शाळा, क्लासेस, दवाखाने असं दाटीवाटीने बसलेलं. पण जरा आतल्या गल्लीत वळलं की एकदम केळीची बाग लागते आणि फुलांचा वास येतो. शहर संपलं की काय असं वाटतं, तर पुढच्या वळणावर परत सात मजली इमारत. हे मला फार आवडलं. आमच्याकडे गाव सरतं तिथे शेत लागतं. इथे दोघं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत.

वैशाली आणि निखिल सकाळी सातला निघत ते रात्रीच परतत. दिवसभर घरात आम्ही दोघी विहिणी. "चहा ठेवू का विहीणबाई?" "तुम्ही बसा विहीणबाई, मी ठेवते." पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींना इतका मान दिला की पाठ दुखायला लागली. सोफ्यावर टेकूनसुद्धा बसवेना.

विहीणबाईंच्या हाताला चव आहे, हे मात्र मनापासून सांगते. ओला बोंबील मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. आमच्याकडे येतो तो वाळलेला, काडीसारखा. हा तोंडात टाकला की लोण्यासारखा विरघळला. मी तसं म्हटल्यावर त्या खुलल्या. "मासा खावा तर समुद्राचा," त्या म्हणाल्या. "गोड्या पाण्यातलं आम्ही नाही हो खात. चिखलाचा वास येतो त्याला." मी पुन्हा मान हलवली. माझी मान त्या घरात फारच हलत होती.

एक फजितीही झाली. भाजीवाल्याकडे मी सवयीने सांभार मागितला. तो म्हणाला, "मावशी, सांबार हॉटेलात मिळेल, समोर उडुप्याकडे." विहीणबाई भर बाजारात पदर तोंडाला लावून हसल्या. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, हे त्या नंतर इमारतीतल्या प्रत्येकीला सांगत सुटल्या. त्या दिवसापासून आमच्यातलं ताठपण थोडं सैल झालं.

तळ्यावर

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी मला उठवलं. "चला, आमचं तळं दाखवते."

आमचं म्हणाल्या, कारण तिथे येणारं प्रत्येक माणूस तसंच म्हणतं. तळं फार मोठं नाही. आमच्या नवेगावबांधच्या पाण्याशेजारी त्याला कोणी बोडीच, म्हणजे शेतातलं लहानसं तळंच म्हणेल. पण चारी बाजूंनी फरसबंदी वाट, वाटेवर बकुळ आणि वडाची झाडं, बसायला बाकं, एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला क्रूस. मधोमध कारंजं, ते तेव्हा बंद होतं, मोटर दुरुस्तीला गेली होती. पहाटेच्या अंधुक उजेडात शे-दीडशे माणसं त्या वाटेवर एकाच दिशेने चालत होती. कोणी बँकेतून निवृत्त झालेला कोल्हापूरचा, कोणी चिपळूणची बाई, कोणी इथल्याच वाडीतली. एका बाजूला दहा-बारा म्हातारे हात वर करून मोठमोठ्याने हसत होते. व्यायाम म्हणून हसतात, असं विहीणबाईंनी सांगितलं.

मी थक्क होऊन पाहत राहिले. माझ्या माहेरी तळं म्हणजे काम. तिथे माणूस जातो तो जाळं, बैल किंवा धुणं घेऊन. नुसतं पाणी पाहायला कोणी तळ्यावर गेलं तर घरचे विचारतील, याचं बरं आहे ना? इथे पाण्याकडे तोंड करून बाकं मांडली आहेत आणि लोक त्यावर खरोखर बसून पाण्याकडे पाहतात. वडिलांना हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं. ते हसले असते, पण त्यांना आवडलं असतं.

देवळाच्या बाजूचा कोपरा गळ टाकणाऱ्यांसाठी राखलेला. तिथे माझी ओळख बस्त्यावकाकांशी झाली. वय सत्तरीच्या पुढे, अर्धी चड्डी, डोक्यावर गवती टोपी. तळ्याला लागूनच त्यांची वाडी. रोज सकाळी दोन तास ते गळ टाकून बसतात. माझ्या देखत त्यांच्या गळाला चांगला हातभर रोहू लागला. त्यांनी तो ओल्या हातांनी अलगद धरला, तोंडातली गरी सोडवली, आणि परत पाण्यात सोडून दिला.

"सोडलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घरी नेला तर साफ कोण करणार, टीचर?" ते म्हणाले. "बायको म्हणते, धरला त्याने साफ करायचा. चिलापी लागली तर नेतो. हे बाकीचे हरिश्चंद्राचे."

हरिश्चंद्र म्हणजे तळ्यातले मासे सांभाळणारा माणूस. चाळिशीचा, काळासावळा, बोलायला कमी. मूळचा पूर्वेकडच्या चांदीप गावचा. त्याचा आणि त्याच्या आठ-नऊ सोबत्यांचा एक गट आहे. ते पावसाळ्यात तळ्यात माशांची बोटभर पिल्लं, बोटुकली, सोडतात आणि वाढली की जाळं लावून काढतात. काठावरच्या पायडलच्या बोटीही तोच बघतो. सात बोटी, सगळ्या हंसाच्या आकाराच्या, पांढऱ्या, लाल चोचीच्या.

तो पाण्याकडे ज्या तऱ्हेने पाहत होता ते मला ओळखीचं वाटलं. बाकी सगळे तळ्याच्या वरून पाहत होते. तो आत पाहत होता.

दुसऱ्या दिवशी बस्त्यावकाकांनी आम्हा दोघींना वाडीत नेलं. केळी, सोनचाफा, मोगरा, विड्याच्या पानांचे वेल, आणि मध्ये चौकोनी तळं. वाडीतल्या असल्या तळ्याला तिथे बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठवतात आणि वर्षभर वाडीला देतात. "बावखल आटलं की वाडी मेली," काका म्हणाले. मग ते आणि त्यांची बायको आपसात त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले. मराठीच ती, पण मला त्यातला एक शब्द कळला तर शपथ. थोड्या वेळाने काकी केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी घेऊन आल्या. उन्हात वाळवलेली पिकली केळी, मधासारखी गोड आणि चिवट. चार खाल्ली आणि दोन पदरात बांधून घेतली. वयाच्या साठीला.

त्या वाडीतच मी विहीणबाईंना सांगणार होते. जागा चांगली होती, मनही मोकळं होतं. तेवढ्यात काकींनी विचारलं, "तुमच्या गावाला पण अशी तळी असतील?" आणि माझ्या आधी विहीणबाईच अभिमानाने म्हणाल्या, "असतील काय? यांचे वडील तलावाच्या खात्यातच होते, सरकारी."

मी सुकेळ्याचा घास गिळला.

रविवारी

गुरुवारपासून मळभ धरलं होतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं उकडणं. तीन दिवस सूर्य दिसला नाही. तळ्याचं पाणी गर्द हिरवं झालं होतं आणि बघणारे म्हणत होते, काय सुंदर रंग आलाय! शनिवारी संध्याकाळी मला ते पाणी पाहून बरं वाटलं नव्हतं. पण मी पाहुणी, कोणाला काय सांगणार?

रविवारी सहाच्या सुमारास आम्ही पोचलो तर गळवाल्यांच्या कोपऱ्यात ही गर्दी. लोक फोन वर धरून चित्रण करत होते. पाण्यावर जिकडे तिकडे माशांची तोंडं. शेकडो. कतले, रोहू, मृगळ, लहान-मोठे सगळे वर येऊन आ वासत होते. गोल गोल तोंडं उघडत होती, मिटत होती.

"काय दर्शन दिलंय आज!" एक गृहस्थ म्हणाले. एका बाईंनी पिशवीतून पाव काढले आणि तुकडे करून टाकायला लागल्या. बाकीच्यांनीही हात पुढे केले. विहीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "बघा विहीणबाई, तुम्ही आलात म्हणून सगळे भेटायला वर आले."

मी नऊ वर्षांची असताना हे पाहिलं होतं. वडील तेव्हा धावत घरी आले होते आणि ओरडले होते, "तळ्याला धाप लागली!" मळभ असलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा हवा सोडत नाही, आणि रात्रभर उलट तेच हवा ओढून घेतं. पहाटेपर्यंत माशांना श्वासाला काही उरत नाही. मग ते वर येतात. दोन-तीन तासांत उलटे होतात.

एकही मासा पाव खात नव्हता. तुकडे तसेच तरंगत होते. ते एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी एक क्षण थांबले. खोटं कशाला बोलू, थांबले. आता बोलले तर कुठून माहीत हा प्रश्न येणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात एक मोठा कतला कुशीवर कलला. त्याचं पांढरं पोट दिसलं, आणि माझा शाळेतला आवाज आपोआप निघाला.

"पाव टाकू नका! बाजूला व्हा सगळे! मासे मरताहेत!"

पलीकडून हरिश्चंद्र धावत आला. त्याचा चेहरा पाहूनच कळलं, त्यालाही ठाऊक होतं. "पानी बसलं, बाई," तो म्हणाला. "कारंजं बंद. गटाचे सगळे चांदीपला, त्यांना यायला तास लागंल. तोवर काय उरनार नाय."

"पाणी हलवायचं," मी म्हटलं. "आमच्याकडे गाव उतरायचं तळ्यात, बांबू आपटायला. इथे बोटी किती?"

"सात."

"सगळ्या सोड."

तो कुलूप काढायला पळाला. मी मागे वळून सांगितलं, "ज्याला पायडल मारता येतं त्याने बोटीत बसा. गोल गोल फिरवा, पाणी उडलं पाहिजे. काठावरच्यांनी काठ्या, बादल्या, मिळेल ते घ्या आणि पाणी आपटा." हसणाऱ्या मंडळाचे म्हातारे सर्वांत आधी पुढे आले. बस्त्यावकाकांनी गळ तसाच टाकला. "माझ्याकडे वाडीचा इंजिन पंप आहे," म्हणाले आणि अर्ध्या चड्डीवर धावत सुटले.

सहा बोटी भरल्या. सातवीत बसायला कोणी नव्हतं. मी बोटीतलं तरंगतं जाकीट चढवून बसले. बोट एकटीने चालवण्यासारखी नव्हती. मी काठाकडे पाहिलं तर विहीणबाई चप्पल काढत होत्या.

"तुमचे गुडघे," मी म्हटलं.

"सरका तिकडे," त्या म्हणाल्या.

आयुष्यात मी डोंग्यात पुष्कळ बसले, पण हंसात कधी नाही. पहिली दहा मिनिटं आम्ही एकाच जागी भोवरा झालो, कारण त्या जोर लावून मारत होत्या आणि मी हळू. मग माझी साडी पायडलमध्ये गेली. "गे बाय माझे!" म्हणत विहीणबाईंनी खाली वाकून ती ओढली. टर्रकन आवाज झाला आणि वीतभर काठ त्यांच्या हातात आला. दोघीही हसलो नाही. शेजारी मासे तोंडं उघडत होते.

"मारा," मी म्हटलं. "डावीकडे. तिकडे जास्त आहेत."

थोड्या वेळाने त्यांनी धापा टाकत विचारलं, "हे सगळं तुम्हाला कसं माहीत? खात्यात शिकवत होते वडिलांना?"

मी पुढे पाहत राहिले. "खात्यात नव्हते ते, विहीणबाई. ढिवर होते. तळ्यात जाळं टाकायचे. आई बाजारात मासे विकायची. मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही."

हंसाची लाल चोच आमच्यापुढे डुगडुगत होती. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय थांबले नव्हते.

"बोट तिरकी जातेय," शेवटी त्या म्हणाल्या. "जोर लावा."

बस्त्यावकाका आणि त्यांचा मुलगा हातगाडीवर पंप घेऊन आले. इंजिन धडधडायला लागलं. काकांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून पाणी आभाळात उडवलं. ते पावसासारखं परत तळ्यात पडू लागलं. सातच्या सुमारास चर्चमधली पहिली मिस्सा सुटली आणि लोक रविवारच्या कपड्यांत वाटेवर आले. काय चाललंय हे कोणी धड सांगितलं असेल नसेल, पण थोड्याच वेळात इस्त्रीच्या पॅंटी गुडघ्यापर्यंत वर गेल्या. फुलाफुलांच्या झग्यातल्या मुली आणि नऊवारीतल्या आजी शेजारी शेजारी उभ्या राहून बादल्यांनी पाणी उपसून परत पाण्यात ओतत होत्या. देवळातला गुरव परात घेऊन आला. निखिल आणि वैशालीला विहीणबाईंनी बोटीतूनच फोन केला. ती दोघं आली आणि एका दमलेल्या म्हाताऱ्याच्या बोटीत बसली. मी चौतीस वर्षं शाळेत कवायत घेतली. इतकी माणसं एका हाकेला आलेली कधी पाहिली नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्यांनी तळ्यातला मासा कधी खाल्लासुद्धा नव्हता.

आठ वाजले तरी तोंडं वरच होती. मला वाटलं, गेलं. हरिश्चंद्र काठाजवळ छातीभर पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी पाणी मारत होता. तो एकदाही थांबला नाही.

साडेआठला पश्चिमेकडून वारा सुटला. झाडांची पानं उलटी झाली. मळभ फाटून ऊन पाण्यावर पडलं. मी बोटीतून खाली पाहिलं. शेजारचा रोहू तोंड मिटून एक क्षण तसाच थांबला, मग त्याने शेपटी मारली आणि खाली गेला. मग दुसरा. मग एकदम सगळीकडे पाणी मोकळं झालं.

काठावर टाळ्या वाजल्या नाहीत. मग कोणीतरी चहाची किटली आणली.

मोठे कतले वाचले नाहीत. तीस-चाळीस गेले असतील. आधी मोठ्यांनाच धाप लागते. हरिश्चंद्राने ते एकेक करून काढले आणि ओळीत ठेवले. मग तो माझ्याजवळ आला. "बाकी समदं खाली गेलं, बाई," एवढंच म्हणाला आणि ओल्या हातांनी चेहरा पुसत दुसरीकडे वळला.

त्या दुपारी घरी विहीणबाई गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. मी मीठ आणून दिलं. वैशाली स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता. ती ऐकत होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. मग पायानेच घमेल्यातलं मीठ ढवळलं. "खरं सांगू विहीणबाई? तेव्हा सांगितलं असतंत, तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. माझ्या माणसांना काय सांगू, असा विचार केला असता."

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या छातीवरचा दगड त्या वाक्याने उतरला. त्याही खरं बोलल्या होत्या.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय? आता माझे दोन्ही गुडघे सुजलेत तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "बाम आणा तो कपाटातला."

चांदीप

बुधवारी हरिश्चंद्राने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. रेल्वेच्या पूर्वेला गेलं की तासाभरात सगळं बदलतं. इमारती मागे राहतात, डोंगर जवळ येतात आणि दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भातशेती. भात कापणीला आलं होतं. मला एकदम घरचा वास आला. भाताचा, ओल्या बांधाचा. विहीणबाई गुडघ्यांना पट्ट्या बांधून बांधावरून माझ्या खांद्याचा आधार घेत चालत होत्या.

हरिश्चंद्राच्या बायकोने रोहूचं कालवण केलं होतं, चुलीवर, चिंच घालून. सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडे मासा आधी हळद-मिठात मुरवतात आणि जवसाच्या तेलात तळून घेतात. इथे सरळ कालवणात सोडतात, आणि तोही तितकाच चांगला लागतो. मी मन लावून जेवत होते. पण लक्ष विहीणबाईंच्या ताटाकडे होतं. त्यांनी एक तुकडा घेतला, काटा काढला, तोंडात टाकला. चावत राहिल्या. मग भाकरी मोडली आणि दुसरा घेतला. तिसराही घेतला.

हरिश्चंद्राची म्हातारी आई उंबऱ्यात बसून आम्हाला न्याहाळत होती. "ही बाय पान्यातलं जानते म्हनतात," ती माझ्याकडे बोट करून विहीणबाईंना म्हणाली. "कोनाकडनं शिकली?"

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई बोलल्या. "वडिलांकडून. ढिवर होते ते, मोठ्या तळ्यावरचे." आणि मग माझ्याकडे वळून, "भाकरी घ्या विहीणबाई, मागून भूक लागेल."

परत

शुक्रवारी मी निघाले. बस्त्यावकाकांनी सुकेळ्यांची एक अख्खी जुडी दिली, ती गाडीतच निम्मी संपली. प्रवासाचं बाकी काही सांगण्यासारखं नाही.

साकोलीला येऊन दहा-बारा दिवस झाले असतील. पहाटे पावणेसहाला फोन वाजला. विहीणबाईंचा होता.

"काय झालं? वैशाली बरी आहे ना?"

"ती झोपलीय. मी तळ्यावर आहे. कालपासून आभाळ भरून आलंय हो. मासे वर नाहीत, पण माझ्या जिवाला चैन नाही. हरिश्चंद्र अजून आला नाही. पाणी बरं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?"

मी उठून बसले. "पायऱ्यांवर उतरा," मी सांगितलं. "जपून. शेवाळावर पाय देऊ नका. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घाला, तळवा वर करून. कोणाला तरी विजेरी धरायला सांगा, मग बघा. बोटं दिसत नसली तर पाणी जड झालंय, लगेच हरिश्चंद्राला फोन करा. दिसली तर काळजी नाही."

पलीकडून हुश्श केल्याचा आवाज आला, गुडघे वाकवताना त्या करतात तसा. मग पाणी हलल्याचा. कोणीतरी विचारलं, "काकू, काय पडलं का पाण्यात?" आणि त्यांनी त्याला दरडावलं, "गप्प राहा जरा."

मी कानाला फोन लावून वाट पाहत राहिले. खिडकीबाहेर आमचा तलाव अजून काळोखातच होता.

"दिसतात," विहीणबाई म्हणाल्या. "पाचही दिसतात. अंगठीसुद्धा."